सूर्य अक्षय, विहीर नव्हे

महाराष्ट्रातील शेतीला लागणारी वीज यापुढे मुख्यतः सूर्यापासून मिळवावी, असे धोरण राज्याने स्वीकारले आहे. 2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, 2019 साली केंद्राने आणलेली ‘कुसुम’ योजना आणि 2024 सालची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना ही या धोरणाची तीन अंगे होत. कोठे गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला वीज पुरवायची, तर कोठे शेतकऱ्याच्या बांधावरच सौर संच बसवून पंप चालवायचा, अशी ही योजना आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वागताच्या भरात एक प्रश्न नजरेआड होता कामा नये. ऊर्जा अक्षय झाली म्हणजे काटकसरीची गरज संपली काय?

या धोरणामागील कारणे सबळ आहेत. एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी साधारणतः अर्धा ते पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो आणि त्यातील उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली उष्णता हवेत आणि पाण्यात जाते. शिवाय औष्णिक केंद्राला नुसता कोळसा पुरत नाही. 2013 साली परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले, ते दुष्काळामुळे पाणी उरले नाही म्हणून. दाभोळचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. परदेशी इंधनावर विसंबलेला तो प्रकल्प 2001 साली महागड्या विजेच्या वादात बंद पडला. ज्या इंधनाचा साठाही मर्यादित आणि भावही दुसऱ्याच्या हाती, त्यावर राज्याची शेती कायमची टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

याहून मोठे कारण शेतकऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. शेतीला वीज द्यायची ती पुष्कळदा रात्री, असा आपल्याकडील शिरस्ता. थंडीच्या मध्यरात्री अंधारात साप-विंचवाची, काही भागांत बिबट्याची भीती बाळगत पिकाला पाणी देणाऱ्या माणसाला दिवसा वीज मिळणे हा न्यायाचा भाग आहे. सौर ऊर्जेने तो न्याय आवाक्यात आणला आहे.

येथवर सारे ठीक. मात्र पंपाच्या एका टोकाला सूर्य असला तरी दुसऱ्या टोकाला विहीर आहे, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग काळ्या कातळाचा आहे. या कातळात पाणी मुरते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून; गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीप्रमाणे त्याचा अमाप साठा होत नाही. जे मुरते ते एका पावसाळ्याचे, आणि ते संपले की पुढील पावसाळ्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते. उथळ थर आटले म्हणून खोल विंधन विहीर घ्यावी, तर तेथे लागणारे पाणी कैक वर्षांच्या संचिताचे असते. ते उपसणे म्हणजे खाणीतून कोळसा काढण्यासारखेच होय. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेच आहे. पोहरा सौर ऊर्जेवर चालू लागला म्हणून आडाचा स्वभाव बदलत नाही.

पाणी आणि ऊर्जा यांचा हिशेब मुळात एकच आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर खोलीवरून उचलण्यास, पंपात काहीही वाया जात नाही असे धरले तरी, सुमारे पाव युनिट वीज लागते. तेच पाणी दहा मीटरवरून उचलण्यास तिचा दहावा हिस्सा पुरतो. म्हणजे पाण्याची पातळी खाली गेली की तेवढ्याच पिकासाठी अधिक वीज, अधिक विजेसाठी मोठा पंप आणि मोठ्या पंपाने आणखी खोल पातळी, असे हे चक्र फिरत राहते. कोळशाच्या विजेने आपण त्यात सापडलो. सूर्याच्या विजेने त्यातून आपोआप सुटू, असे मानण्यास आधार नाही.

उलट धोका वाढण्याचीच शक्यता आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय राज्याने 2024 साली घेतला. तरीही वाहिनीवरच्या विजेला वेळापत्रकाची मर्यादा असते. बांधावरच्या स्वतंत्र सौर पंपाला तीही नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणी उपसले तरी खर्च शून्य. सूर्य मावळला की पंप थांबतो, ही मर्यादा खरी. पण उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, नेमके तेव्हाच ऊन सर्वांत प्रखर असते.

मग सौर पंप देऊच नयेत काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षानुवर्षे वीजजोडणी मिळाली नाही, त्याला पहिला पंप मिळण्याच्या क्षणी काटकसरीचा उपदेश ऐकवण्याचा अधिकार, वातानुकूलित कचेऱ्यांत दिवसाही दिवे जाळणाऱ्या शहरांना नाही. प्रश्न पंप द्यावा की नाही हा नसून, पंप थांबवण्यात शेतकऱ्याचा फायदा कसा होईल, हा आहे.

त्याचे एक उत्तर शेजारच्या राज्यात सापडते. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ढुंडी या गावी सौर पंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापन केली आणि 2016 पासून वापरून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. पंप वाहिनीला जोडलेला असला की न उपसलेल्या पाण्याचेही मोल मिळते, हे त्यामागील तत्त्व. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये. अर्थात, वीज वितरणाचा सहकारी प्रयोग करणाऱ्या मुळा-प्रवरा संस्थेचा परवाना 2011 साली थकबाकीच्या ओझ्याखाली गेला, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. मीटर आणि चोख हिशेब यांवाचून असा प्रयोग टिकणार नाही.

सरकारनेही आपला पैसा कोठे जातो ते तपासावे. सौर पंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्केच भरावे लागतात. बाकीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. हे अनुदान उपशाला मिळते, बचतीला नाही. ते देताना ठिबक सिंचनाची आणि कार्यक्षम पंपाची जोड आग्रहाने घातली जावी, आणि जेथे वाहिनी जवळ आहे तेथे स्वतंत्र पंपापेक्षा जोडलेल्या पंपाला प्राधान्य मिळावे. भूजलाच्या उपशावर नियंत्रण ठेवण्यासाठी राज्याने 2009 साली कायदा केला आहे. तो कागदावरून शिवारापर्यंत पोहोचल्याशिवाय या सर्व योजनांचा पाया कच्चाच राहणार.

2001 साली देशाने ऊर्जा संवर्धन कायदा केला, तेव्हा चर्चेत होता तो कोळसा आणि तेल. इंधन बदलले म्हणून त्या कायद्यामागील विचार जुना झालेला नाही. ऊर्जा अक्षय असली तरी तिने हलवले जाणारे पाणी, माती आणि पीक अक्षय नसते. सौर पंपांची संख्या मोजून सरकारने समाधान मानू नये. त्या पंपांखालच्या विहिरींची पातळीही दरवर्षी मोजून गावापुढे मांडावी. योजनेचे यश त्या आकड्यावरूनच ठरेल.