मत्स्यन्याय आणि गुलाबजाम

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती घाईगर्दीत. दिवाळीच्या निमित्ताने संपादकांनी जागा थोडी सैल सोडली आहे, तेव्हा आज एक कबुली देऊन टाकतो.

गेली सोळा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. शिकवता शिकवता 'मत्स्यन्याय' हा शब्द आला की माझी कळी खुलते. मी फळ्यावर एक मोठा मासा काढतो, त्याच्या उघड्या तोंडासमोर एक लहान मासा काढतो आणि मग कौटिल्याकडे वळतो. दंड धरणारा कोणी नसला की बलवान दुर्बलाला गिळतो, हे त्याचे म्हणणे मी इतक्या ठसक्यात सांगतो की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा क्षणभर वर पाहतात. माशांबद्दल मला याहून अधिक काही ठाऊक नव्हते, आणि हवे आहे असेही कधी वाटले नव्हते.

याच कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टरपद माझ्या गळ्यात आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी मेसमध्ये फीस्ट होती. गुलाबजामांवरून मारामारी झाली. पहिल्या वर्षाच्या एका किडकिडीत मुलाने तिसऱ्या वर्षाच्या एका पैलवानाच्या कपाळावर वाटी हाणली. रक्त आले. मी त्या किडकिडीताला बोलावले, चार खडे बोल सुनावले, आणि त्याच्या वडिलांना पत्र लिहिले. पत्रात 'आपल्या चिरंजिवांच्या ठायी असलेली हिंस्र प्रवृत्ती' असे शब्द होते. मला ते आवडलेही होते.

रात्री जेवताना मी ही हकीकत घरी सांगितली आणि शेवटी म्हटले, "मत्स्यन्याय! दुसरं काय?"

पानावर सौ.चा भाचा होता. मुंबईला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतून शिकून तो आता आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या बाजूला मत्स्यखाद्याच्या धंद्यात आहे. तो हसला आणि म्हणाला, "आतोबा, तुम्ही उगाच माशांवर आळ घेताय. मासा भावंडाला चावतो तेव्हा आम्ही आधी त्याचं ताट बघतो."

सौ. माहेरची अलिबागच्या खारेपाटातली. तिकडे घरच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी चाल आहे. ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "यात नवीन ते काय? आप्पा नाही का म्हणायचे, तळ्यात बारीक मासळी टाकायला चुकलात तर जिताड्याची पिल्लं एकमेकांनाच खातात म्हणून!" सोळा वर्षे मी कौटिल्य शिकवला, आणि सासऱ्यांना एकदाही विचारले नाही!

भाचा खुलला. जिताड्याचे पिल्लू आपल्या निम्म्याहून अधिक लांबीचा भाऊ सहज गिळते, म्हणून संवर्धन केंद्रात पिल्ले वरचेवर निवडून आकारवार वेगळी ठेवतात. म्हणजे गिळण्याची खोड त्याच्या अंगात आहे, ते नाकारता येत नाही. पण ती कितपत उफाळून येते हे बरेचसे खाण्यावर असते. ट्राउट आणि सामन हे थंड पाण्यातले मासे घ्या. (हा परदेशी सामन, आपला रावस नव्हे.) खाद्य थोडे असले आणि एकाच कोपऱ्यात पडत असले, तर दोन-चार दांडगे मासे तो कोपरा अडवून बसतात. बाकीच्यांचे पाठीवरचे पर कुरतडले जातात. मार खाल्लेला मासा कडेला राहतो, त्याच्या रक्तात ताणाचे द्रव्य चढते आणि त्याची भूकच मरते. दांडगा वाढत जातो, दुबळा तसाच राहतो, आणि दोघांतले अंतर वाढले की पुन्हा दांडगाई वाढते. तेच खाद्य पोटभर आणि साऱ्या पाण्यावर पसरून टाकले की कोपरा अडवण्यात फायदा उरत नाही, आणि भांडणे कमी होतात.

"आमच्याकडे आंध्रात बघा," तो म्हणाला. भाताचा तेल काढलेला कोंडा आणि भुईमुगाची पेंड एकत्र करून ती भोके पाडलेल्या पोत्यांत भरतात. सकाळी माणूस होडक्यातून जातो आणि तळ्यात जागोजागी रोवलेल्या बांबूंना ती पोती बांधतो. रोहू येतात, भोकाशी तोंड लावतात, आणि जेवढे हवे तेवढे काढून घेतात. वेळ त्यांना पाठ असते. माणूस थांबून पाहतो, आणि पोती किती वेळात रिकामी झाली यावरून उद्याचा शिधा ठरवतो. फार घातले तर उरलेले तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते, आणि पहाटे मासे वर येऊन आ वासू लागतात. अलीकडे पुष्कळ ठिकाणी तरंगत्या गोळ्या आल्या आहेत. पोत्याचा हिशेब मात्र मला फार आवडला. एक पोते ठेवले असते तर भांडण. दहा ठेवली तर पंगत!

इथे मी मास्तरी शंका काढली. "म्हणजे पोट भरलं की झालं?"

"नाही ना," तो म्हणाला. "पोट भरणं वेगळं आणि पोसलं जाणं वेगळं."

मग त्याने सांगितलेल्या एका गोष्टीने माझा घास हातातच राहिला. जपानात 'बुरी' नावाच्या माशाची फार मोठी शेती आहे. हा मासा थव्याने राहतो. १९९८ साली तिथल्या संशोधकांनी त्याच्या काही पिल्लांना डीएचए नावाचे स्निग्धाम्ल असलेले खाद्य दिले आणि काहींना त्यावाचून ठेवले. हे द्रव्य मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात लागते. ज्यांना ते मिळाले त्यांनी वेळ होताच थवा धरला. ज्यांना मिळाले नाही ती पोट भरलेली असूनही थव्यात जमेनात. शेजारी पोहणाऱ्याबरोबर पोहावे, हे बुरीच्या पिल्लालासुद्धा खाण्यातून मिळावे लागते!

नॉर्वेतली कथा आणखी विचित्र आहे. सामनच्या खाद्यात पूर्वी गुराढोरांचे वाळवलेले रक्त घालत. १९९० च्या दशकात युरोपात वेड्या गाईंच्या रोगाची धास्ती पसरली आणि ते बंद झाले. थोड्याच काळात तिथल्या सामनांना मोतीबिंदू होऊ लागले. शोध घेता कळले, की त्या रक्तात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असे आणि माशाच्या डोळ्याचे भिंग त्यावर अवलंबून होते. हिस्टिडीन घालताच मोतीबिंदूला आळा बसला. त्याच माशाला पुढे हळूहळू शाकाहारी करण्यात आले. १९९० साली त्याच्या खाद्यात सुमारे नव्वद टक्के भाग समुद्रातला, म्हणजे मासळीचे पीठ आणि तेल, असे. २०१३ पर्यंत तो तीस टक्क्यांच्या आसपास आला. समुद्रातली बारीक मासळी वाचावी हा हेतू चांगलाच. पण साधे सोयाबीनचे पीठ दिले तेव्हा बिचाऱ्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येऊ लागली, आणि सोया शुद्ध करून घ्यावे लागले. 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस, हे मी वर्गात सांगतो. सामनपुढे आता जे आमिष टाकतात ते बहुतांशी निरामिष असते. शब्दकोशाने यावर काय करावे?

आता माझ्या मनात घोळत राहिली ती गोष्ट. ट्रिप्टोफॅन नावाचे आणखी एक अमिनो आम्ल आहे. मेंदू त्यापासून सेरोटोनिन बनवतो. २००१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ट्राउटची पिल्ले एकेका खोलीत एकेकटी ठेवली आणि प्रत्येकाच्या खोलीत एक आगंतुक सोडला. यजमान अर्थातच पाहुण्याला चावला. मग त्याच्या जेवणात ट्रिप्टोफॅन वाढवले. तीन दिवसांत काही फरक नाही. सातव्या दिवशी मात्र पाहुणा बराच सुखाने नांदला. दोन वर्षांनी तैवानात हेकरूच्या पिल्लांवर असाच प्रयोग झाला आणि त्यांचे एकमेकांना खाणे कमी झाले.

सौ.ने लगेच विचारले, "ते माणसांच्या पाहुण्यांना चालतं का रे?"

मी मात्र गप्प होतो. माशाची गर्दी तशीच ठेवायची, पाणी तेच ठेवायचे आणि जेवणात शांततेची पूड कालवायची, याला सुख म्हणायचे की गुंगी? मी ते बोलून दाखवले. भाच्याने उडवून लावले नाही. तो म्हणाला, "आतोबा, दांडगाई थांबली म्हणजे मासा सुखी झाला असं आम्हीही समजत नाही. जागा, पाणी आणि खाणं, तिन्ही बघावं लागतं. एकाची कसर दुसऱ्यातून भरून काढणारे लोक असतात. खाणं त्यातल्या त्यात स्वस्त पडतं ना!" हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. प्रामाणिक मात्र वाटले.

दुसऱ्या दिवशी रात्री मी न सांगता मेसमध्ये जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी तिथे तपासणीला गेलो होतो. बघायला कधी गेलो नव्हतो. सारे जेवण एकाच टेबलावर, दाराजवळच्या कोपऱ्यात मांडलेले होते. तिसऱ्या वर्षाची मंडळी साडेसातलाच त्याभोवती कडे करून उभी. तो किडकिडीत मुलगा आला सव्वाआठला. संध्याकाळी तो एका दुकानात हिशेब लिहितो, असे आचाऱ्याने सांगितले. "उशिरा येतो साहेब, मिळेल ते घेतो. हल्ली अर्धं पान टाकूनच उठतो." फीस्टच्या रात्रीही तो सव्वाआठलाच आला होता. तोवर गुलाबजामांचे पातेले खरवडून झाले होते आणि पैलवानाच्या ताटात सात होते.

आता मेसमध्ये तीन टेबले आहेत, आणि उशिरा येणाऱ्यांची ताटे झाकून ठेवतात. आचारी कुरकुरतो आहे.

पत्र मात्र त्याच दिवशी टपालात पडले होते, ते पोहोचलेही असेल. त्या मुलाच्या वडिलांना दुसरे पत्र लिहायला मी तीनदा बसलो. सोळा वर्षे मराठी शिकवतो आहे, पण 'तीर्थस्वरूप' लिहावे की 'सप्रेम नमस्कार', इथपासूनच अडले आहे.