न जेवणारा घोयरा काय सांगतो?

पावसाळा लागला की गोंदिया जिल्ह्यात घोयरा दिसू लागतो. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर, बोरीबाभळीच्या झुडपांत, कधी नवेगावबांध किंवा नागझिऱ्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर डुलत डुलत पलीकडे जाताना. इंग्रजी पुस्तकांतला शॅमेलिऑन तो हाच. काही ठिकाणी त्याला विषारी समजून दगडाने ठेचले जाते. काही ठिकाणी त्याच्या रंगांचे कौतुक म्हणून तो घरी आणला जातो, खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवला जातो. तीन-चार दिवसांत प्रश्न उभा राहतो, हा काही खात का नाही?

घोयरा विषारी नाही. त्याला विषाचे दात नाहीत, विषग्रंथी नाहीत. फार डिवचले तर तो तोंड उघडून फुत्कारतो, क्वचित चावतो, पण त्याने विषबाधा होत नाही. त्यामुळे त्याला मारण्याचे कारण नाही. त्याला घरी ठेवण्याचेही कारण नाही, आणि ते त्याच्या हरवलेल्या भुकेतूनच चांगले समजते.

भूक जाणे हे लक्षण, आजार नव्हे

माणसाची भूक गेली तर डॉक्टर भूक वाढवण्याचे औषध लगेच लिहून देत नाही. ताप आहे का, कावीळ आहे का, पोटात काही अडले आहे का, मन खचले आहे का, हे आधी पाहिले जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत या यादीत सर्वांत वर एक गोष्ट येते, ती म्हणजे उष्णता.

घोयऱ्याचे शरीर स्वतःची उष्णता तयार करून टिकवत नाही. सकाळी तो उन्हात येतो, अंग काळपट करून ऊन शोषतो, अंग तापले की शिकारीला लागतो. पोटातले पाचक रसही अंग पुरेसे तापल्यावरच नीट काम करतात. गोंदियाचा हिवाळा विदर्भात गारठ्यासाठी ओळखला जातो, डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो. अशा दिवसांत थंड खोलीत ठेवलेला घोयरा खात नाही, कारण खाल्लेले पचणार नाही हे त्याचे शरीर जाणते. तेव्हा जबरदस्तीने किडे भरवले तर ते पोटातच सडू शकतात. उलट मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली ठेवलेला पिंजरा काही तासांत त्याचा जीव घेऊ शकतो, कारण सावलीकडे सरकायला तिथे जागाच नसते.

दुसरी गोष्ट पाणी. घोयरा वाटीत ठेवलेले पाणी बहुधा पाणी म्हणून ओळखतच नाही. रानात तो पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. वाटी भरलेली असूनही पिंजऱ्यातला प्राणी तहानेने सुकत जातो. डोळे खोल जातात, कातडी सैल पडते, विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी होतो. तहानलेला प्राणी खात नाही.

तिसरी गोष्ट ऊन, पण काचेआडचे नव्हे. सूर्यप्रकाशातील अतिनील ‘बी’ किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या मदतीने अन्नातील कॅल्शियम अंगी लागते. खिडकीची काच हे किरण अडवते. माणसाच्या मुलांना जसा मुडदूस होतो, तसाच आजार घोयऱ्यालाही होतो. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. त्याहून आधी दिसणारे लक्षण म्हणजे जिभेचा नेम चुकणे. शेपटी सोडून उरलेल्या अंगाएवढी किंवा त्याहून लांब जाणारी जीभ क्षणार्धात फेकायची तर स्नायूंना कॅल्शियम लागते. ते कमी पडले की किडा समोर असतो, घोयरा नजर रोखतो, पण जीभ अर्ध्यावरच राहते. पाहणाऱ्याला वाटते की त्याला भूक नाही. खरे तर तो उपाशी असतो.

चौथे कारण मादीचे. अंडी देण्याच्या काळात मादी खाणे कमी करते, झाडावरून उतरते, जमीन उकरते आणि भोकात अंडी पुरते. खोक्यात माती नसते, मग अंडी पोटातच अडकतात. अडलेल्या बाळंतपणाइतकीच ही अवस्था जीवघेणी आहे.

पाचवे कारण भीती. घोयरा एकटा राहणारा प्राणी आहे. दिवसातून दहा वेळा हातात घेणे, पोरांचा गराडा, मांजराची नजर, आरशातले स्वतःचेच प्रतिबिंब, यांतले काहीही त्याची भूक घालवायला पुरते. रंगाविषयीचा गैरसमज इथे अडचण करतो. तो रंग केवळ लपण्यासाठी बदलत नाही. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या अभ्यासात दाखवले, की कातडीतील पेशींमधल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो. हा बदल बऱ्याच अंशी मनःस्थिती, तापमान आणि दुसऱ्या प्राण्याला दिलेला इशारा यांच्याशी जोडलेला असतो. खोक्यात दिवसभर काळपट दिसणारा घोयरा बहुधा गारठलेला किंवा घाबरलेला असतो.

यानंतर जंत, तोंडात पू, फुप्फुसाचा संसर्ग, मूत्रपिंडाचे विकार ही कारणे येतात. ती ओळखायला विष्ठेची तपासणी, कधी क्ष-किरण चित्र आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक लागतो.

कायदा काय म्हणतो

आपल्या रानातला घोयरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर पकडणेही येते. जिवंत सापडलेला किंवा ताब्यात आलेला संरक्षित प्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते आणि तो ज्याच्याकडे आला त्याने ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. मुलाने हौसेने आणला, चुलत्याने शेतातून दिला, ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. पिंजऱ्यातला पोपट आणि घरातले तारांकित कासव यांनाही हाच कायदा लागू आहे, जरी आपल्याकडे ते सर्रास दिसत असले तरी.

परदेशी शॅमेलिऑनचा प्रश्न वेगळा. येमेन-सौदी अरेबियाकडचा व्हेल्ड किंवा मादागास्करचा पँथर हे आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या कराराचे प्राणी प्रथमच या कायद्याच्या कक्षेत आले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची केली. जुन्या मालकांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. प्राण्याचे हस्तांतर, पिलांचा जन्म आणि मृत्यू यांचीही नोंद करावी लागते.

नियम योग्य दिशेने आहेत, पण नोंदणीचा कागद प्राण्याला खाऊ घालत नाही. मोबाइलवर रंगीत चित्रफीत पाहून कोणी असा प्राणी मागवतो. तो आजारी पडला की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतो, जिथे दिवसभर गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांची रांग असते. वन्यप्राण्यांवरील उपचारांची सोय नागपुरात आहे. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे उपचार केंद्र आहे, गोरेवाडा येथे बचाव केंद्र आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. गोंदियाहून रेल्वेने हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. आठवडाभर उपाशी असलेल्या, मूठभर वजनाच्या जिवासाठी ते फार आहे. प्राणी विकत घेण्याआधी उपचार कुठे मिळतील हे विचारले जात नाही, आणि विकणाराही ते सांगत नाही.

गोंदियासाठी आणखी एक धोका

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला हे जंतू अनेकदा कोणताही आजार न करता राहतात. विष्ठेतून ते कातडीवर, पिंजऱ्यावर आणि तिथून हातावर येतात. प्राणी ठणठणीत दिसतो, तरी माणसाला जुलाब आणि ताप येतो. लहान कासवांमुळे मुलांना होणारा हा आजार वाढल्यावर अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा सल्ला तेथील आरोग्य यंत्रणा आजही देते.

पूर्व विदर्भात या यादीत सिकलसेलचे रुग्ण जोडावे लागतात. गोंदिया हा सिकलसेलचा भार मोठा असलेल्या पट्ट्यातला जिल्हा आहे. या आजारात प्लीहा बालपणीच निकामी होत जाते आणि रक्तात शिरलेले जंतू गाळून काढण्याचे तिचे काम थांबते. त्यातही साल्मोनेलाचे आणि सिकलसेलचे नाते जुने आहे. निरोगी माणसात जुलाबावर थांबणारा हा जंतू सिकलसेलच्या रुग्णात हाडापर्यंत पोहोचू शकतो आणि हाडात पू धरतो. सुरुवातीला दिसतो तो ताप आणि हाडांचे दुखणे. सिकलसेलच्या नेहमीच्या वेदनांच्या झटक्यातही हाडेच दुखतात, म्हणून घरचे लोक ओळखीची गोळी देऊन दोन दिवस काढतात. तेच दोन दिवस महागात पडू शकतात. हा धोका ‘एसएस’ रुग्णांचा आहे, केवळ वाहक असलेल्या ‘एएस’ व्यक्तींना तो तसा नसतो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. तपासणीचे आणि रंगीत कार्डांचे काम त्यातून होते आहे. समुपदेशनात लस, फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सियुरिया यांबरोबर एक साधा प्रश्न यायला हवा. घरात कासव, सरडा, घोयरा असे काही ठेवले आहे का? आणि सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे व अशा प्राण्याशी संपर्क आला असल्यास डॉक्टरांना आपणहून सांगावे.

सापडला तर काय करावे

रस्त्यावर धडधाकट घोयरा दिसला तर त्याला रस्ता ओलांडू द्यावा. फार तर काठीवर चढवून ज्या दिशेला तो चालला होता त्या बाजूच्या झुडपावर सोडावे. जखमी किंवा घरात आधीच ठेवलेला, न खाणारा घोयरा असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. लपवून ठेवण्यात दिवस गेले तर प्राणीही जातो आणि अडचणही वाढते.

वनकर्मचारी येईपर्यंत हवेशीर टोपली किंवा भोके पाडलेले खोके घ्यावे, त्यात पकडायला फांदी ठेवावी, वरून कापड टाकावे आणि खोके सावलीत ठेवावे. फांदीच्या पानांवर पाण्याचे थेंब शिंपडावेत. दूध, भात, पोळी, ग्लुकोजचे पाणी यांतले काही तोंडात ओतू नये. त्याची श्वासनलिका तोंडात पुढेच उघडते, जबरदस्तीने दिलेला द्रव थेट फुप्फुसात जाऊ शकतो. माणसाची भूक वाढवणारी सिरपे आणि गुरांचे जंताचे औषध तर मुळीच नको. आयव्हरमेक्टिनसारखे नेहमीचे औषध कासवांना मारक ठरते. काजवेही भरवू नयेत. काही जातींच्या काजव्यांतील विषाने पाळीव सरडे दगावल्याची नोंद आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि पिंजरा स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये.

ज्यांच्याकडे नोंदणी केलेला परदेशी शॅमेलिऑन आहे, त्यांनी त्याचे वजन दर आठवड्याला छोट्या काट्यावर करून वहीत लिहावे. पूर्ण वाढलेला निरोगी प्राणी काही दिवस न खाता राहू शकतो, पिल्लू राहू शकत नाही. वजन दहाव्या हिश्श्याने घटले, दिवसा डोळे मिटू लागले, फांदीवरची पकड सुटू लागली, तोंड उघडे ठेवून श्वास चालू झाला, यांपैकी एक जरी दिसले तरी थांबू नये. पशुवैद्यकाकडे जाताना पिंजऱ्याचे तापमान, दिवा कधी बदलला, शेवटचे कधी व काय खाल्ले आणि ताजी विष्ठा एवढे सोबत न्यावे. निम्मे निदान त्यातच असते. आणि प्राणी नकोसा झाला म्हणून त्याला नागझिऱ्याच्या रानात सोडू नये. तो तिथे जगला तर इथल्या प्राण्यांना नवे आजार देईल, नाही जगला तर उपाशी मरेल.

आपल्या घोयऱ्याच्या बाबतीत मात्र निदान बहुधा सोपे असते. धुऱ्यावरच्या झुडपात त्याला ऊन, सावली, दव, माती आणि किडे एकाच जागी मिळतात. धानावरचे टोळ आणि नाकतोडे खाऊन तो शेतकऱ्याचेही काम करतो. खोक्यात यांतले एकही नसते, म्हणून तो जेवत नाही. त्याला औषधापेक्षा आधी त्याची जागा परत हवी असते.