'शोले' पुन्हा बघताना: बदला घेऊन झाला, मग दुःखाचं काय?

बेंगळुरूहून म्हैसूरकडे निघालात की साधारण 50 किलोमीटरवर रामनगर येतं. ट्रेनच्या खिडकीतून मोठमोठे करडे, गोलसर खडक दिसायला लागतात आणि डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "ते बघ, गब्बरचा अड्डा!" झोपलेली माणसंसुद्धा मान वर करून बघतात.

या आठवड्यात आपण त्याच खडकांमधल्या सिनेमाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, 'शोले'बद्दल आता नवीन काय सांगणार? आजोबांना संवाद पाठ, बाबांना गाणी पाठ आणि मुलांना मीम्स पाठ! पण 12 डिसेंबर 2025 ला हा सिनेमा पुन्हा थिएटरमध्ये आला, तो त्याच्या मूळ शेवटासकट. 15 ऑगस्ट 1975 ला प्रेक्षकांनी पाहिलेला शेवट वेगळा होता. हे दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघितले की, इतकी वर्षं हसत-खेळत पाहिलेला हा सिनेमा खरं तर एका उद्ध्वस्त घराची गोष्ट आहे, हे लक्षात येतं.

(पुढे सगळी गोष्ट उघड होणार आहे. घरात कुणी अजून 'शोले' पाहिला नसेल, तर त्यांना आधी सिनेमा दाखवा!)

घोडे, बंदुका आणि जुनं दुःख

घोडे, बंदुका, उजाड माळरान आणि कायदा पोहोचत नाही असं गाव. अमेरिकेत अशा सिनेमांना 'वेस्टर्न' म्हणतात. वरवर ते मारामारीचे वाटतात, पण त्यातल्या कितीतरी गोष्टींच्या मुळाशी कुणाचा तरी मृत्यू असतो. 1950 चा 'विंचेस्टर 73' हा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा घ्या. अँथनी मान यांचं दिग्दर्शन, नायक जेम्स स्टुअर्ट. वडिलांच्या खुन्याला शोधत तो गावोगाव फिरतो आणि शेवटी कळतं की खुनी त्याचा सख्खा भाऊच आहे. दोघांची अखेरची चकमक एका खडकाळ डोंगरावर होते. नायक जिंकतो, पण परत येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नसतो, फक्त थकवा असतो.

आपल्याकडे ही जातकुळी सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी रामनगरच्या खडकांत आणली. गावाच्या रक्षणासाठी भाडोत्री लढवय्ये आणायची कल्पना अकिरा कुरोसावा यांच्या 1954 च्या 'सेव्हन सामुराई' या ब्लॅक अँड व्हाइट जपानी सिनेमाशी नातं सांगते. कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग बघताना सर्जियो लिओने यांचा 1968 चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' आठवतो. उसनं बरंच होतं, पण त्यात घातलेलं घर मात्र अगदी आपलं होतं.

ठाकूरचं घर

आठवा तो प्रसंग. ठाकूर बलदेव सिंग सुट्टीवर घरी येतोय. अंगणात दोन मुलगे, मोठी सून, मुलगी, नातू. धाकटी सून राधा आणि नोकर रामलाल देवळात गेलेत, म्हणून ते दोघं वाचतात. बाकी सगळे गब्बरच्या गोळ्यांना बळी पडतात. लहानग्या नातवावर बंदूक रोखली जाते, पण त्याचा मृत्यू पडद्यावर दाखवलेला नाही. गोळीच्या आवाजापाठोपाठ एकदम स्टेशनात शिरणारी ट्रेन दिसते. आतून हसतमुख ठाकूर उतरतो, घरच्यांसाठी आणलेल्या भेटवस्तू घेऊन. आपल्याला जे कळलंय, ते त्याला अजून कळायचंय. घरी पोहोचल्यावर पांढऱ्या चादरी, वारा आणि वाळलेली पानं. तो एकेक चेहरा बघतो. सगळ्यात लहान चादरीपाशी आल्यावर तो काही बोलत नाही, घोड्यावर बसतो आणि थेट गब्बरकडे निघतो.

या एका प्रसंगाच्या चित्रीकरणाला 23 दिवस लागले असं सांगतात. रमेश सिप्पी आणि छायालेखक द्वारका दिवेचा यांना या प्रसंगासाठी ढगाळ आभाळ हवं होतं. ऊन पडलं की काम थांबायचं, पुन्हा ढग येईपर्यंत वाट बघायची. आज मोबाइलवर रंग बदलायला काही सेकंद लागतात. तेव्हा ढगांची वाट बघावी लागायची.

ठाकूर निघतो तेव्हा तो शोक करत नाही, थेट सूड घ्यायला धावतो. तिथे त्याचे हात जातात. नंतरच्या सगळ्या सिनेमाभर तो शाल पांघरून वावरतो. जय आणि वीरू आणतो, पैसे देतो, योजना आखतो. रडत मात्र नाही.

राधाचे दिवे

त्याच घरात दुसरं दुःख राहतं, राधाचं. जया भादुरींच्या वाट्याला या सिनेमात फारच थोडे संवाद आहेत. लग्नाआधी ती किती बडबडी होती, होळी म्हटलं की कशी बेभान व्हायची, हे आपल्याला रामलालच्या आठवणीतून कळतं. आता ती पांढऱ्या साडीत वावरते आणि रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे दिवे एकेक करून मालवते. खाली पायरीवर जय माउथ ऑर्गन वाजवत बसलेला असतो. दोघंही बोलत नाहीत.

हे दिव्यांचे काही क्षण टिपायला सुमारे 20 दिवस लागले म्हणतात. कारण दिवेचांना सूर्य मावळल्यानंतरचा आणि अंधार पडण्याआधीचा प्रकाश हवा होता. तो रोज काही मिनिटंच मिळतो. म्हणजे दिवसभर तयारी करायची, काही मिनिटं शूटिंग करायचं आणि उद्याची वाट बघायची.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. राधाचंही सगळं गेलंय. नवरा गेला, सासरचं माणसांनी भरलेलं घर गेलं. पण तिला सूड हवा आहे का, हे सिनेमात कुणीच तिला विचारत नाही. तिच्यासाठी वेगळीच वाट उघडू लागते. जय तिच्याशी लग्न करायला तयार असतो आणि ठाकूर स्वतः तिच्या वडिलांकडे जाऊन पुनर्विवाहाचा विषय काढतो. 1975 च्या लोकप्रिय सिनेमात सासऱ्याने विधवा सुनेसाठी असं पाऊल उचलणं ही छोटी गोष्ट नव्हती.

आणि मग जय मरतो. कशात? ठाकूरच्या सूडाच्या लढाईत. ज्या माणसाने राधासाठी दार उघडलं, त्याच्याच लढाईमुळे ते बंद होतं. जय गेल्यावर रडणाऱ्या सुनेला जवळ घ्यायला ठाकूरला हातसुद्धा नाहीत. मला वाटतं, 'शोले'मधलं सगळ्यात मोठं दुःख इथे आहे. गब्बरच्या हसण्यात आणि बसंतीच्या बडबडीत आपलं तिकडे लक्षच जात नाही.

दोन शेवट

मूळ सिनेमात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला तुडवतो आणि त्यात गब्बर मरतो. तेव्हा देशात आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन खून करावा, हे सेन्सॉर बोर्डाला मान्य झालं नाही. प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. त्यात ऐन वेळी पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो. जवळजवळ 50 वर्षं थिएटरमध्ये आणि टीव्हीवर हाच शेवट दिसत राहिला.

मूळ शेवट परत मिळवायला फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी बरीच वर्षं काम केलं. लंडनच्या एका गोदामात सापडलेली जुनी फिल्म त्यात कामी आली. 27 जून 2025 ला इटलीतल्या बोलोन्या शहरात, भर चौकातल्या पडद्यावर ही आवृत्ती पहिल्यांदा दाखवली गेली. डिसेंबरमध्ये ती भारतात आली. त्याच्या 18 दिवस आधी, 24 नोव्हेंबरला, धर्मेंद्र गेले. त्यामुळे अनेकांनी थिएटरमध्ये वीरूला निरोपच दिला.

आता खरा प्रश्न. कोणता शेवट बरोबर?

मूळ शेवटात सूड पूर्ण होतो. गब्बर मेल्यावर ठाकूर काय करतो? तो विजयाने हसत नाही. कोसळतो, रडतो आणि वीरू त्याला आधार देतो. इतकी वर्षं सूडासाठी अडवून धरलेलं रडू तेव्हा बाहेर पडतं. दुसऱ्या शेवटात कायदा जिंकतो. आपल्याला बरं वाटतं, शाळेत शिकवल्यासारखं. पण त्यातही जयची चिता जळते आणि राधा खिडकी बंद करून घेते.

गब्बर मेला काय, तुरुंगात गेला काय, ठाकूरच्या अंगणात मुलं परत येत नाहीत. म्हणूनच मला मूळ शेवट जास्त प्रामाणिक वाटतो. गब्बर मरतो म्हणून नाही, तर त्यानंतर ठाकूर रडतो म्हणून. ते रडणं त्याला पहिल्याच दिवशी, त्या चादरींपाशी हवं होतं.

पडद्यामागची ओळखीची नावं

'शोले'मध्ये आपल्याला जवळची वाटणारी बरीच नावं आहेत. रामगढ गावाचा सेट उभारला कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी. गब्बरला घाबरणारा कालिया म्हणजे आपले विजू खोटे आणि इमाम साहेबांचा कोवळा अहमद म्हणजे सचिन पिळगावकर. संकलक एम. एस. शिंदे यांच्यासमोर 3 लाख फुटांच्या आसपास फिल्म होती, असं सांगतात. त्यातून त्यांनी जवळजवळ साडेतीन तासांचा सिनेमा घडवला. इतक्या गाजलेल्या 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला फक्त एक, तो शिंदे यांना, संकलनासाठी.

घरच्यांसोबत बघताना

लहान मुलं सोबत असतील तर कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग आणि मूळ शेवट त्यांना जड जाऊ शकतो. त्यांच्याजवळ बसा. जरा मोठ्या मुलांना सिनेमा संपल्यावर विचारा: ठाकूरच्या जागी तू असतास तर? आणि राधाच्या जागी असतीस तर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन येईल. दुसऱ्याला वेळ लागेल, तो लागू द्या. घरात अलीकडे कुणी गेलं असेल, तर या निमित्ताने कदाचित त्या माणसाबद्दलही बोलणं निघेल. निघालं तर थांबवू नका.

रामनगरला जायचं असेल तर

तिथे आता रामगढ नाही, शूटिंगनंतर सेट काढून टाकला. पण खडक आहेत तिथेच आहेत. हा क्लोजपेट ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षं जुना आहे. रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट, त्यावरून दगडाचं नाव पडलं. 1984 चा 'अ पॅसेज टू इंडिया' हा डेव्हिड लीन यांचा सिनेमासुद्धा याच परिसरात चित्रित झाला. रामदेवर बेट्ट नावाच्या टेकडीवर राममंदिर आहे आणि 2012 पासून हा भाग गिधाडांसाठी राखीव आहे. त्यामुळे तिथे गब्बरचे संवाद ओरडून म्हणायचा मोह आवरा! सकाळी लवकर जा, पाणी सोबत ठेवा आणि वर पोहोचल्यावर थोडा वेळ शांत बसा.

आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात कोणता शेवट जिंकला? आणि राधाबद्दल कुणी काय म्हणालं? आम्हाला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूया, नव्या सिनेमासह!