तोंडाभोवतीची आग आणि घरातली ट्यूब

मराठीत खाज वेगळी आणि आग वेगळी. कन्नडमध्येही तुरिके वेगळी, उरि वेगळी. आपल्या खजुरी, आळंद भागातल्या घरांत आई एका भाषेत विचारते आणि मुलगी दुसऱ्या भाषेत उत्तर देते, तरी या दोन तक्रारींची गल्लत सहसा कोणी करत नाही. गल्लत होते ती औषधाच्या दुकानात. तिथे आपण चेहऱ्याकडे बोट दाखवून एवढेच म्हणतो, "यावर काहीतरी द्या." मग खाजेला, आगीला, मुरमाला आणि गजकर्णाला एकच ट्यूब मिळते. आज लिहायचे आहे ते या ट्यूबमुळे बिघडणाऱ्या एका पुरळाबद्दल. हे पुरळ तोंडाभोवती उठते.

आधी ते ओळखायचे कसे ते पाहू. ओठांच्या भोवती, हनुवटीवर आणि नाकाच्या कडेपासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी पडते तिथे, मोहरीपेक्षाही बारीक पुळ्यांचे पुंजके दिसतात. काहींच्या टोकाला पाणी किंवा पू असतो. वरची कातडी कोरडी होऊन कोंड्यासारखी सुटते. मुख्य खूण अशी की, ओठाला अगदी लागून असलेली बारीक कड बहुधा स्वच्छ राहते. ओठ, मग चांगल्या कातडीची एक रेघ आणि तिच्या बाहेर पुळ्या. कधी हेच पुरळ नाकपुड्यांच्या भोवती किंवा डोळ्यांच्या कडेलाही जाते. पुस्तकात पुरळ लाल असते असे लिहिलेले असते. आपल्या सावळ्या कातडीवर ते तपकिरी किंवा जांभळट दिसते, म्हणून लवकर लक्षात येत नाही. आणि तक्रार असते ती जास्त करून आगीची, ताणल्यासारखे वाटण्याची. "मुख उरीतद" असे मुलगी म्हणाली तर तो शब्द लक्षात ठेवा, डॉक्टरांना तोच सांगा.

डॉक्टर याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात. हे जास्त करून वीस ते पंचेचाळीस वयाच्या बायकांना होते, पण लहान मुलांना आणि पुरुषांनाही होते. ते संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे टॉवेल वेगळा, ताट वेगळे असले प्रकार करण्याची गरज नाही.

माझ्या वर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. हुशार, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. पाहता पाहता ती शेवटच्या बाकावर गेली आणि नाकापर्यंत ओढणी घेऊन बसू लागली. पुढे यायचीच बंद झाली. चौकशी केली तेव्हा कळले, की घरात बहिणीचे लग्न होते, रंग उजळावा म्हणून एका मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब तिने आणली होती. पहिले पंधरा दिवस चेहरा खरोखरच उजळला. मग तोंडाभोवती पुळ्या आल्या. तिने तीच ट्यूब पुळ्यांवर लावली, त्या बसल्या. दोन दिवस लावली नाही की दुप्पट उठल्या. असे आठ महिने चालले. आईने अंगातली उष्णता म्हणून वांगे, शेंगदाणे, अंडी बंद केली. आजीने दृष्ट काढली. ट्यूबवर मात्र कोणाचा संशय गेला नाही, कारण आराम पडत होता तो तिच्यामुळेच.

नेमकी खोच इथेच आहे. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. ते लावले की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज उतरते, लाली जाते आणि चेहरा फिकट दिसतो. आपण त्याला उजळला म्हणतो. महिनोन् महिने लावले की कातडी पातळ होते, तिचे स्वतःचे संरक्षण दुबळे पडते आणि तिला त्या औषधाची सवय लागते. मग औषध थांबवले की दबलेली सूज उसळून वर येते. माणसाला वाटते, बघा, ट्यूब बंद केली म्हणून वाढले! तो पुन्हा लावतो. चक्र फिरत राहते.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेच्या रोगांवर वापरून दाखवले आणि इसबासारख्या रोगांनी गांजलेल्या असंख्य लोकांना त्यातून दिलासा मिळाला. पुढे त्याहून कितीतरी तीव्र मलमे निघाली, ती चेहऱ्यावरही सर्रास लावली जाऊ लागली आणि १९६० व १९७० च्या दशकांत तोंडाभोवतीच्या या पुरळाचे रुग्ण वाढले. पेरिओरल डर्मटायटिस हे नाव १९६४ सालचे आहे. औषध कोणते, किती तीव्र, कुठे आणि किती दिवस लावायचे, हे ठरवायला डॉक्टर लागतो तो याचसाठी.

आपल्या देशात काय चालते, याची पाहणी त्वचारोगतज्ज्ञांनीच केली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि त्या ४३३ पैकी २५७ जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. शेजारीण, मैत्रीण, दुकानदार, पार्लर हेच त्यांचे सल्लागार. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची जी सूट होती ती काढून घेतली. नियम झाला, पण आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात किती चिठ्ठ्या पाहिल्या जातात, हे वाचकांना मी सांगायला नको.

म्हणून ट्यूब वाचायला शिका. नावाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत औषधे लिहिलेली असतात. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडे. शेवटी सोन, सोल किंवा लोन आले की सावध व्हा. क्लोट्रिमॅझोल, किटोकोनॅझोल यांच्या शेवटचा झोल वेगळा. ती बुरशीवरची औषधे आहेत. पण पुष्कळ ट्यूबांत बुरशीचे, जंतूंचे आणि स्टेरॉइड अशी तिन्ही औषधे एकत्र असतात, तेव्हा पहिले नाव वाचून थांबू नका. घरात कॉलेजात जाणारी मुले असतील तर हे काम त्यांना द्या.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे लावणे थांबवणे. ट्यूब, गोरे करणारी क्रीमे, फाउंडेशन, तेलकट मॉइश्चरायझर, सगळे बंद. साध्या पाण्याने किंवा डॉक्टर सांगतील त्या सौम्य, बिनसाबणाच्या द्रवाने चेहरा धुवायचा आणि मऊ कापडाने टिपायचा, घासायचा नाही. लिंबू, हळद, बेसन, तुरटी, पुळीवर टूथपेस्ट हे काही नको. आधीच सोललेल्या कातडीला त्याने जास्तच आग होते. दात रोज घासायचेच, फक्त तोंडाभोवतीचा फेस नीट धुऊन टाका. काही रुग्णांना डॉक्टर थोडे दिवस पेस्टही बदलायला सांगतात.

यानंतरचे दिवस कठीण असतात. ट्यूब थांबवल्यावर थोड्याच दिवसांत पुरळ आधीपेक्षा वाढते आणि ही वाढ दोनेक आठवडे राहू शकते. घरात हे आधी सांगून ठेवा, नाहीतर घरचेच लोक ट्यूब परत हातात देतील. तीव्र औषध खूप दिवस लावलेले असेल तर एकदम न थांबवता डॉक्टर सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवतात, म्हणून अशांनी आधी डॉक्टरांकडे जावे. दम्याचा पंप किंवा नाकातला स्प्रे चालू असेल तर तो मात्र मनाने बंद करू नका. पंप घेतल्यावर चूळ भरा, चेहरा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर लावायला मेट्रोनिडॅझोल, एरिथ्रोमायसिन किंवा अॅझेलेइक अॅसिड यांसारखे औषध देतात. जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात. या गोळ्या गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना चालत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. तेव्हा एकीची चिठ्ठी दुसरीने वापरू नये. बरे व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

तोंडाभोवतीचे प्रत्येक पुरळ हेच असते असेही नाही. काळी टोके असलेल्या पुटकुळ्या गालावर, कपाळावर, पाठीवरही असतील तर ते मुरूम. गोल चकदळ, कडेला उंचवटा आणि खूप खाज असेल तर गजकर्ण. ओठावर एका बाजूला पाण्याचे फोड येऊन आठ-दहा दिवसांत जात असतील तर तो जर उतलेला. लहान मुलाच्या तोंडाजवळ मधासारखी पिवळी खपली धरत असेल तर तो जंतूंचा संसर्ग, आणि तो पसरतो, लगेच दाखवा. जीभ फिरवण्याची सवय असलेल्या मुलाचे पुरळ ओठाला अगदी चिकटून असते, मधली स्वच्छ रेघ तिथे नसते.

त्या मुलीला कलबुर्गीला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय लावतेस?" पहिले दहा दिवस चेहरा इतका उठला, की घरचे माझ्यावरच रागावले. तिच्या आईचा रोज फोन यायचा, "मॅडम, हे वाढतंय हो, थोडी ट्यूब लावू का?" रोज तेच सांगत राहिले, "अक्का, आणखी थोडे दिवस दम धरा." अडीच महिन्यांनी पुळ्या गेल्या. डाग राहिले, ते त्यानंतर हळूहळू फिकट झाले. एक सत्र मात्र वाया गेले, आणि तेवढ्या काळात एक चांगले स्थळही "मुलीला काहीतरी रोग आहे" म्हणून परतले. तिला रोग नव्हता. तिला बहिणीच्या लग्नात गोरे दिसायचे होते, आणि ती इच्छा तिच्या मनात आपणच सगळ्यांनी घातलेली आहे.

कलबुर्गीला आणि बिदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, सोलापूरलाही आहे. तिथे त्वचारोग विभागात तपासणी होते. सीमेच्या अलीकडे जा की पलीकडे, जे सोयीचे असेल तिथे जा. मराठी बोला नाहीतर कन्नड. फक्त जाताना एक करा. घरात जेवढ्या ट्यूबा, डब्या, क्रीमे चेहऱ्याला लावली असतील तेवढी सगळी, रिकामी असली तरी, एका पिशवीत भरून बरोबर न्या.