बहात्तर मिलिग्रॅमचे सहा कोटी

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोरोना चाचणी किटला मान्यता मिळाली. मीनल दाखवे-भोसले यांच्या चमूने ते सहा आठवड्यांत तयार केलं आणि किंमत ठेवली परदेशी किटच्या साधारण चौथा हिस्सा. अशा आरटी-पीसीआर चाचणीत विषाणू हुडकून काढतात ती ऑलिगोन्यूक्लिओटाइड्स, म्हणजे डीएनएच्या जेमतेम वीसेक अक्षरांच्या तोकड्या साखळ्या. गोव्याच्या मोलबायोचं ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारं यंत्रही अशाच साखळ्यांच्या जोरावर प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगाचं निदान करतं. निदानापुरतं तरी हे तंत्र आपण आपलंसं केलं.

औषधाचं काय?

नुसिनर्सेन हेही ऑलिगोन्यूक्लिओटाइडच, १८ अक्षरांचं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी झालेल्या बाळात एसएमएन-१ हे जनुक निकामी असतं आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. एसएमएन-२ हे राखीव जनुक शाबूत असतं, पण त्याचा निरोप वाचताना पेशी बहुतेक वेळा एक ओळ गाळते. नुसिनर्सेन त्या ओळीशेजारी चिकटून बसतं आणि ती गाळू देत नाही. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. एका वेळी १२ मिलिग्रॅम, पहिल्या वर्षी सहा वेळा, कण्यातून. सगळं मिळून ७२ मिलिग्रॅम, आणि तेव्हाची तिथली जाहीर किंमत साडेसात लाख डॉलर! आजच्या दराने रुपयांत सहा कोटींहून जास्त. पुढेही दर चार महिन्यांनी एक मात्रा घ्यावीच लागते. आपल्या दुर्मीळ आजार धोरणात एका रुग्णाला मिळणारी मदत मात्र कमाल ५० लाख.

चाचणीतली साखळी नळीत पडते, ही बाळाच्या कण्यात जाते, हे खरं. तिची शुद्धता, रासायनिक बदल, मानवी चाचण्या यांना पैसा लागतोच. पण एवढा? पेप्टाइड औषधांचा अनुभव वेगळं सांगतो. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. तीही बनवायला सोपी नसते. तरीही मधुमेहावरच्या लिराग्लुटाइडची देशी आवृत्ती मुंबईच्या ग्लेनमार्कने २०२४ च्या जानेवारीत आणली, तेव्हा उपचाराचा खर्च सुमारे ७० टक्क्यांनी उतरेल असं कंपनीनेच जाहीर केलं. रसायनशास्त्र तेच राहिलं, स्पर्धा तेवढी आली.

दुर्मीळ आजारांत अशी स्पर्धा आपोआप येत नाही, कारण गिऱ्हाईकच थोडं. बोस्टनमध्ये डॉ. टिमथी यू यांनी बॅटन या मेंदूच्या जीवघेण्या आनुवंशिक रोगाच्या एकाच मुलीसाठी नुसिनर्सेनसारखंच, २२ अक्षरांचं ‘मिलासेन’ वर्षभरात घडवलं. २०१८ च्या जानेवारीत पहिली मात्रा दिली. तिचे झटके कमी झाले, पण २०२१ मध्ये ती गेली. आजार आधीच फार पुढे गेला होता. अशा कामात बाजाराला रस नसतो. ते सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवं.

आणि ज्ञान आपल्याकडे आहे. पेप्टाइडसारखा कणा आणि डीएनएची अक्षरं असलेल्या पीएनए या रेणूवर डॉ. के. एन. गणेश यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पुढे आयसर या विज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं काम केलं. रुग्णाला टोचता येईल इतक्या शुद्ध साखळ्या बनवणारा एखादा सरकारी कारखाना अशाच संस्थांच्या शेजारी उभा राहायला हवा. दुर्मीळ आजारांच्या निधीतला काही वाटा परदेशी बिलं भागवण्याऐवजी त्यासाठी बाजूला काढावा आणि सुरुवात नुसिनर्सेनपासून करावी. त्याचं पेटंट कुठे, कधी संपतं याचा हिशेब आरोग्य मंत्रालयाने आजच मांडून ठेवावा.