सव्वीस माणसे आणि एक मुंबई

मुंबईत नातेवाइकाचे एखादे घर असणे ही एके काळी साऱ्या महाराष्ट्राची सोय होती. परीक्षा मुंबईला, मुलगी दाखवायची मुंबईला, डोळ्यांचे ऑपरेशन मुंबईला, आणि यांपैकी काहीच नसेल तर मे महिन्याची सुट्टी मुंबईला. एक कार्ड टाकायचे, उत्तराची वाट न पाहता गाडीत बसायचे आणि सकाळी वळकटी घेऊन दारात उभे राहायचे. दार उघडणारी बाई हसून "या" म्हणे. घरात तांदळाच्या डब्याने तळ गाठलेला असला, तरी त्या हसण्यात तो कधी दिसला नाही.

आमच्या घराण्याचा हा पत्ता गिरगावातल्या एका चाळीत होता. तिसरा मजला, दीड खोली, नळ गॅलरीच्या टोकाला. मे महिन्यात तिथे पंधरा-सतरा माणसे सहज झोपत. पुरुष गॅलरीत, बायका आतल्या खोलीत आणि मुले जिथे डोळा लागेल तिथे. २०१९ साली पुनर्विकासासाठी चाळ पाडली आणि आमचा तो पत्ताच गेला. त्यानंतर नागपूर, इंदूर, कोल्हापूर, बेळगाव इथली मंडळी भेटू लागली ती लग्नात नाही तर तेराव्याला. लग्नात बोलायला वेळ नसतो आणि तेराव्याला मनातले बोलता येत नाही.

म्हणून आमच्या एका भाचीने फर्मान काढले : डिसेंबर २०२५ मध्ये पाच दिवस सर्वांनी मुंबईत जमायचे. मात्र कोणाच्याही घरी उतरायचे नाही!

हे शेवटचे वाक्य ऐकून आत्याने तोंडाला पदर लावला. "मुंबईत जाऊन हॉटेलात राहायचे? लोक काय म्हणतील?" पण भाची बँकेत नोकरीला आहे; तिने हिशेबच पुढे ठेवला. मोठ्यांची वर्गणी सारखी, बारा वर्षांखालच्यांची निम्मी, पंचाहत्तरीच्या पुढच्यांची माफ. जमाखर्च एका वहीत, आणि ती वही रोज रात्री जेवणानंतर सर्वांसमोर उघडायची. नात्यातला पैसा झाकून ठेवला की आंबतो, असे तिचे म्हणणे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडते. पूर्वी एकशेवीस दिवस मिळत. तेव्हा साठाव्या दिवशी सकाळी चार गावांत चार माणसे यंत्रासमोर बसली. नागपूरकर विदर्भ एक्सप्रेसने, कोल्हापूरकर महालक्ष्मीने आणि इंदूरकर अवंतिकेने, असे सगळे एकाच सकाळी गिरगावातल्या एका साध्या अतिथिगृहात दाखल झाले. चार महिन्यांच्या बाळापासून चौऱ्याऐंशी वर्षांच्या थोरल्या काकांपर्यंत एकूण सव्वीस डोकी.

आता खरी गोष्ट सांगते. थोरले काका आणि धाकटे काका यांच्यात २००३ पासून बोलणे नव्हते.

कारण तीच दीड खोली. भाड्याची पावती आजीच्या नावावर होती. २००३ साली आजी गेली आणि पावती धाकट्या काकांच्या नावावर झाली. कायद्याने त्यात वावगे काही नव्हते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, की भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत त्या वेळी राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो; असे कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. शेवटपर्यंत आईजवळ राहिले ते धाकटे काका. पण १९६५ साली नोकरीसाठी नागपूरला गेलेले थोरले काका दर महिन्याला तीस रुपयांची मनीऑर्डर त्याच खोलीच्या पत्त्यावर पाठवीत असत. त्यांना खोली नको होती. "मला एका शब्दाने विचारले नाही," एवढेच त्यांचे दुःख होते. कायद्यात राहण्याचा पुरावा लागतो, मनीऑर्डरचा लागत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि म्हणूनच भांडण बावीस वर्षे टिकले. एक जण चूक असता तर केव्हाच मिटले असते.

पहिले दोन दिवस दोघे एकाच पंगतीला, पण दोन टोकांना बसले. मुलांना याचा पत्ताही नव्हता. त्यांना राणीच्या बागेत जायचे होते. १८६२ सालची ही बाग आमच्या लहानपणी हत्तीसाठी प्रसिद्ध होती. आता मुले पेंग्विनसाठी धावतात. ते २०१६ साली आले आणि २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले. गारठ्यात हारीने उभे राहिलेले ते पक्षी पाहून आत्या म्हणाली, "अगदी आपली नळावरची रांग!" तिसऱ्या दिवशी गिरगाव स्थानकातून भुयारी मेट्रोत बसलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पुरी झाली. गार डब्यात बसून थोरले काका नातवंडांना ट्रामची गोष्ट सांगत होते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा निरोप द्यायला केवढी गर्दी लोटली होती, ते सांगताना त्यांनी विचारले, "आपण कुठे उभे होतो रे?" प्रश्न नातवाला नव्हता. समोरच्या बाकावरून धाकटे काका खाली मान घालून म्हणाले, "भायखळ्याला. तू मला खांद्यावर घ्यायला निघाला होतास. सतरा वर्षांचा होतो मी!" सारा डबा हसला.

त्याच संध्याकाळी दोघे चालत चाळीच्या जागेवर गेले. मागून मी होते. निळ्या पत्र्यांच्या कुंपणामागे सिमेंटचे खांब वर गेले होते. थोरल्या काकांनी मान वर केली आणि विचारले, "किती मजले होणार?"

"बावीस."

"आपला कितवा?"

धाकटे काका जरा थांबले. मग म्हणाले, "आपला चौदावा."

बावीस वर्षांचा निकाल एवढ्याशा 'आपला' या शब्दात लागला. कागदावर नाव कोणाचे, हे त्यानंतर कोणी काढले नाही. काढायची गरजही नव्हती.

पण या सहलीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. चौथ्या दिवशी घारापुरीला जायचे होते. गेटवेपासून लाँचने तासाभराचा रस्ता. सकाळी धाकटी काकू म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी बाळापाशी थांबते, जेवणाचेही पाहते." भाचीने वहीत बोट ठेवून जेवणाचे पैसे आधीच भरल्याचे दाखवले. तेव्हा कळले, की १९७३ साली लग्न होऊन मुंबईत आलेल्या काकूने बावन्न वर्षांत घारापुरी पाहिलीच नव्हती. आमच्यासारख्या कित्येक पाहुण्यांना तिने दशम्या बांधून देऊन लाँचवर धाडले. स्वतः मात्र घरी थांबली, कारण परतलेल्या मंडळींना गरम भात हवा असे.

त्या दिवशी तिला आम्ही पुढच्या बाकावर बसवले. धक्क्यापासून वर शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. वृद्धांसाठी डोलीची सोय आहे. "माणसांच्या खांद्यावर नको रे बाबा," म्हणत ती थांबत थांबत चालतच चढली. सुमारे वीस फूट उंचीच्या त्या त्रिमुखी शिवमूर्तीसमोर ती बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षे हा इथेच होता, नाही?"

वाचकहो, घराण्याचे संमेलन भरवणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. दीड खोलीत कोणी सतरा माणसे निजवायला नको. साठ दिवस आधी तिकिटे काढावीत, हिशेब उघडा ठेवावा, म्हाताऱ्यांना खालचा बर्थ द्यावा. राणीची बाग बुधवारी आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. पण सर्वांत आधी घरात अशी एक यादी करावी : आजवर आपल्या मुंबईच्या, पुण्याच्या, नागपूरच्या सुट्ट्या कोणाच्या चुलीवर शिजल्या? त्या यादीतले माणूस हयात असेल, तर यंदा पहिले तिकीट त्याचे काढावे. खिडकीजवळचे.