रिपोर्ट नॉर्मल, कामगार आजारी : हा हिशेब कोण देणार?



इस्पितळाच्या केसपेपरवर तीन अक्षरे पडतात : एन.ए.डी. म्हणजे कोणताही दोष आढळला नाही. ही तीन अक्षरे खिशात घेऊन आमच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षे दवाखान्याच्या फेऱ्या मारत आहेत. रात्रभर रूळ तुडवून आलेल्या पेट्रोलमनच्या पायांना मुंग्या येतात, त्या दिवसभर जात नाहीत. पोस्टमनला दुपारनंतर दुसरा जिना चढवत नाही. छाननीच्या टेबलावरील भगिनीचे सांधे धरतात, डोके ठणकते, कालची गोष्ट आज आठवत नाही. लोको पायलटला घरी झोप लागत नाही आणि ड्यूटीवर डोळा लागेल या भीतीने जीव टांगणीला लागतो. एक्स-रे स्वच्छ, साखर ठीक, कार्डिओग्राम ठीक. डॉक्टर म्हणतात, “टेन्शन घेऊ नका.” साहेब म्हणतात, “नाटक करतो.”

आमचा साधा सवाल आहे. जी तपासणी केलीच नाही तिच्यात दोष सापडणार कसा?

हा अन्याय नवा नाही. १८६६ साली लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून वरकरणी धडधाकट सुटलेल्या, पण पुढे पाठदुखी, निद्रानाश आणि विस्मरणाने खचलेल्या माणसांविषयीची व्याख्याने प्रसिद्ध केली. त्या दुखण्याला ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव पडले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी पुस्तक लिहून उत्तर दिले की मणक्याला इजा नाही, हा मनाच्या धसक्याचा परिणाम आहे. हे पेज लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते! एरिक्सन यांचे मज्जारज्जूविषयीचे अनुमान पुढे टिकले नाही, हे आम्ही मान्य करतो. पण माणसे आजारी होती, हे खोटे ठरले नाही. वादाच्या मुळाशी भरपाईचे दावे होते.

टपाल-तार खात्याची कहाणीही अशीच. मोर्सची कळ दाबून दाबून ब्रिटनच्या तारबाबूंचे हात आखडत. १९०८ साली या आजाराला तिथल्या भरपाईच्या यादीत जागा मिळाली. पण १९११ साली सरकारी समितीने त्याचे कारण सांगताना वारंवारच्या थकव्याबरोबर कामगाराच्या ‘अस्थिर मज्जासंस्थे’लाही जबाबदार धरले. काम यंत्राचे, वेग खात्याचा, आणि दोष मात्र कामगाराच्या स्वभावात!

आजची परिस्थिती काय आहे? २०२० च्या टाळेबंदीत देश घरात बसला होता, तेव्हा मालगाड्या आणि श्रमिक स्पेशल आम्ही चालवल्या. औषधांची पार्सले आणि पेन्शनचे पैसे आम्ही दारोदार पोहोचवले. त्या साथीनंतर अनेकांचा दम, झोप आणि स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिली नाही. या दुखण्याला ‘लाँग कोविड’ हे नाव प्रथम रुग्णांनीच दिले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. म्हणजे आधी रुग्ण बोलला, मग शास्त्र बोलले. रात्रपाळीचेही तसेच. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीला कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले. डिझेलच्या धुराला तर २०१२ साली निश्चित कारण म्हटले. मग केसपेपरवर रात्रपाळीचा आणि धुराचा रकाना का नाही?

काही उत्तरे तर हाताशी आहेत. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की पायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा येतो. शाकाहारी माणसाला आणि मधुमेहावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका अधिक. थायरॉइड मंदावले की अंग जड होते. झोपेत श्वास अडणारा माणूस दहा तास झोपूनही थकलेलाच उठतो. आणि नैराश्य हाही खरा आजार आहे, तो शिवी म्हणून वापरायचा शब्द नव्हे. एवढे तपासल्यावरही कोडे उरले, तर डॉक्टरांनी “अजून कळलेले नाही” असे लिहावे. “काही नाही” असे लिहू नये. या दोन वाक्यांत कामगाराची भाकरी अडकलेली आहे.

कशी ते पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा उतरवता येत नाही. पण निदान नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून संरक्षण नाही. उरते ती बिनपगारी रजा, गैरहजेरीची चार्जशीट आणि शेवटी बाबा-बुवांचा अंगारा. रेल्वे कामगाराला निदान स्वतःचे इस्पितळ आहे. ग्रामीण डाक सेवकाला तेही नाही.

दोष केवळ प्रशासनाचा नाही. महागाई भत्त्यासाठी आम्ही गेटसभा घेतल्या, पण आजारी साथीला “कामचुकार” म्हणणारे आमच्यातही आहेत. ही लाज आम्हीच धुवायची आहे.

१७०० साली इटलीच्या रामाझिनी या वैद्याने बजावले होते की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा : तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षांनंतर आमची मागणी तेवढीच आहे. प्रत्येक केसपेपरवर कामाचा, पाळ्यांचा आणि धूळ-धुराचा इतिहास नोंदवा. दीर्घ दुखण्यांसाठी एका डॉक्टराकडे सलग तपासणी ठेवा. तपास चालू असेतो चार्जशीट थांबवा, हलके काम द्या. ग्रामीण डाक सेवकांना याच सोयीत घ्या.

तोवर प्रत्येक शाखेने एक वही उघडावी. त्रास, काम, पाळी, वर्षे लिहावीत. नाव लिहायचे की नाही हे आजारी साथीनेच ठरवावे. एकट्याचे दुखणे तक्रार ठरते. शंभरांचे एकत्र लिहिलेले दुखणे पुरावा ठरतो, आणि पुराव्यापुढे एन.ए.डी. चा शिक्का चालत नाही.

भुसावळ असो, इटारसी असो की हुबळी, वही उघडा!